मे महिन्यातली थंडी

सोलापुरात मे महिन्यात ज्याला थंडी वाजते, त्याची तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नसते. पारा ४२-४३च्या घरात, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, घराघरांत कूलर घोंघावतायत, आणि अशा दिवसांत मी पंखा बंद करायला सांगत होते. पायांत मोजे, अंगावर आपली सोलापुरी चादर. बाकीच्यांचा उकाड्याने जीव चाललेला. "तुझं काहीतरी वेगळंच," एवढं म्हणून सगळे गप्प बसायचे. माझं वय पन्नाशीच्या आसपास, पाळी जायच्या बेतात. त्यामुळे जे काही व्हायचं ते वयाच्या खात्यावर जमा होत गेलं. खरं तर पाळी जाताना बायकांना उकडतं, घामाच्या धारा लागतात. मला नेमकं उलटं होत होतं, आणि ही विसंगती कोणाच्याच ध्यानात आली नाही.

थंडी एकटी आली नव्हती. सकाळी पापण्या जड आणि चेहरा सुजलेला असायचा. बांगड्या निघेनाशा झाल्या, अंगठी साबण लावून ओढून काढावी लागली. शाळेत तिसऱ्या तासालाच खुर्ची शोधायची वेळ यायची. आवाज इतका घोगरा झाला की फोनवर पालक "सर" म्हणून बोलू लागले. केस गळत होते, भुवयांची बाहेरची टोकं विरळ झाली होती, कोपरं आणि टाचा खरबरीत पडल्या होत्या. पोट धड साफ होत नव्हतं. आणि झोप तर अशी की ताटावर बसल्या बसल्या डोळा लागावा. हे सगळं मी आज एका दमात लिहिते आहे. तेव्हा ते असं एकत्र कधी दिसलं नाही. एकेक लक्षण सावकाश येत गेलं, अंगवळणी पडत गेलं.

ही लक्षणं पहिल्यांदा एकत्र मांडली गेली ती एका शिबिरात. चिनी पद्धतीने जीभ आणि नाडी पाहून निदान, अशी जाहिरात होती. शेजारच्या चौघीजणी निघाल्या, मीही गेले.

चिनी वैद्यकाबद्दल सोलापूरकराच्या मनात एक आपुलकी असते, ती का, हे गावात कोणाला सांगावं लागत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. १९१० साली इथे जन्मलेला हा मुलगा मुंबईत डॉक्टर झाला आणि १९३८ मध्ये काँग्रेसने जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून तिकडे गेला. बाकीचे पुढे परतले, कोटणीस तिथेच राहिले. हेबेईच्या डोंगराळ भागात आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा सांभाळली, तिथल्याच परिचारिकेशी, कुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात शाळेच्या सहली नेताना मी स्वतः मुलांना ही हकिगत सांगितली आहे.

त्या शिबिरातही भिंतीवर कोटणीसांचा फोटो लावलेला होता. मला ते तेव्हा बरं वाटलं. आता त्याचा विषाद वाटतो. कोटणीस हे शल्यचिकित्सक. चाकू, टाके, जंतुनाशकं, रक्तस्राव थांबवणं हे त्यांचं काम. त्यांच्या पथकातले बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी ते रुजवलं. भारतातल्या सुईउपचाराची एक मोठी शाखा त्यांच्यापासून सुरू होते. पण बसू हेही आधी रीतसर डॉक्टर होते. रुग्णाला तपासायचं कसं, हे त्यांना सुई हातात घेण्याआधीपासून ठाऊक होतं. एखाद्या थोर माणसाचा फोटो भिंतीवर टांगल्याने त्याखाली बसणाऱ्याच्या हाती त्याची विद्या येत नाही.

तिथल्या गृहस्थांनी मला जीभ बाहेर काढायला सांगितली आणि समोर आरसा धरला. "बघा ताई, कडेला." मी पाहिलं. जीभ फिकी, फुगलेली, ओलसर, वर पांढरट थर, आणि दोन्ही कडांना दातांचे ठसे ओळीने उमटलेले. रोज दात घासताना जी जीभ मी पाहत होते, तिच्यावर एवढं काही लिहिलेलं आहे हे मला कधी जाणवलं नव्हतं. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून त्यांनी नाडी पाहिली. दाबल्याशिवाय लागत नाही, सावकाश चालते, जोर नाही, असं म्हणाले. हातपाय चाचपले, बर्फ. गरम पाणी आवडतं का, लघवी पांढरी आणि भरपूर होते का, रात्री उठावं लागतं का, कंबर-गुडघ्यात गारठा भरतो का, असे एकामागून एक प्रश्न विचारले आणि शेवटी निकाल दिला: "तुमचा यांग कमी झालाय."

त्या निकालाने मला किती हायसं वाटलं, ते सांगितलं पाहिजे. कारण इतके दिवस घरात जी गोष्ट माझा स्वभाव म्हणून गणली जात होती, तिला कोणीतरी आजार म्हटलं होतं.

यांग म्हणजे काय, हे मी पुढे नीट समजून घेतलं, ते दुसऱ्या एका जाणत्या सुईउपचारकाकडून. ते कोलकात्यात शिकून आलेले, वयस्कर, कमी बोलणारे. चिनी वैद्यक शरीरातल्या दोन बाजू मानतं. यिन ही गारवा, ओलावा, पोषण, स्थिरता यांची बाजू. यांग ही ऊब, हालचाल, पचवणं, ढकलणं, वर उचलणं यांची. चुलीवर हंडा चढवलाय पण खाली विस्तव मंद आहे, असं समजा. पाणी तापत नाही, वाफ धरत नाही, नुसतं साचून राहतं. म्हणून यांग कमी झालेल्या माणसाला थंडी वाजते, अन्न पचत नाही आणि अंगावर सूज येते, अशी त्यांची मांडणी. आपल्याकडे अग्निमांद्य म्हणतात, पपई उष्ण पडली, दही बाधलं म्हणतात, त्या घरात वाढलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

ही लक्षणं ओळखायची कशी, हे मात्र त्यांनी फार बारकाईने सांगितलं, आणि तो बारकावा मला त्या शिबिरात कुठेच दिसला नव्हता. त्यांचा पहिला प्रश्न असा: पांघरूण घेतल्यावर थंडी जाते का? ऊब दिली की बरं वाटतं, शेकलं की दुखणं कमी होतं, ती यांगच्या कमतरतेची थंडी. दोन चादरी, वर गोधडी टाकली तरी दात वाजतच राहतात, ती वेगळी. तिच्या मागोमाग ताप येतो. मलेरिया असेल, लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग असेल, आणखी काही असेल, तिथे शेकत बसायचं नाही, रक्त तपासायला जायचं. नुसता थकवा आहे, बोलताना दम लागतो, पण थंडी नाही, तर त्याला ते 'ची', म्हणजे अंगातली चालती शक्ती, कमी झाली म्हणतात, यांग नाही. तळहात-तळपाय जळजळतात, रात्री घाम फुटतो, तोंड कोरडं पडतं, जीभ लालबुंद आणि थर जवळजवळ नाहीच, हा यिन कमी झाल्याचा प्रकार, आणि अशा माणसाला गरम औषधं दिली तर आगीत तेल. नखं आणि पापण्यांच्या आतली कडा पांढरी, उभं राहिलं की चक्कर, त्वचा कोरडी, तिथे ते रक्त कमी पडलं म्हणतात, आणि तिथे त्यांचं निदान आपल्या हिमोग्लोबिनच्या रिपोर्टाच्या बरंच जवळ येतं.

यांग कुठल्या अवयवाचा कमी झालाय, तेही ते पाहतात. पोटाचा असेल तर पोटात गार दुखतं, हाताने दाबून धरलं की बरं वाटतं, खाल्लेलं तसंच पडतं. मूत्रपिंडाचा असेल तर कंबर आणि गुडघे गार, रात्री वारंवार लघवीला उठणं, पायावर सूज, आणि एक खास खूण म्हणजे पहाटे, उजाडायच्या आत, पोटात गुरगुरून पातळ शौचाला धावावं लागणं. हृदयाचा असेल तर छातीत धडधड, कोंडल्यासारखं वाटणं, ओठ निळसर, गार घाम. हे शेवटचं सांगताना ते थांबले आणि म्हणाले, "ही लक्षणं दिसली तर माझ्याकडे आणायचं नाही. तडक सिव्हिलला न्यायचं."

माझं लक्षण इथेच जुळत नव्हतं. यादीप्रमाणे मला पातळ व्हायला हवं होतं. मला बद्धकोष्ठ होतं. शिबिरात मी ते सांगितलंही होतं. "गारठ्याने आतडी आखडतात," असं उत्तर मिळालं. चिनी ग्रंथांत गारठ्याच्या बद्धकोष्ठाचं वर्णन आहे, त्यामुळे उत्तर चुकीचं म्हणता येणार नाही. पण दहातली नऊ लक्षणं जुळली आणि दहावं जुळत नसेल, तर त्या दहाव्यापाशी थांबून विचार करायचा असतो. तिथे कोणी थांबलं नाही. मला काळपट गोळ्यांची एक पुडी मिळाली. वेष्टनावर घटकांची नावं नव्हती, बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, तारीख नव्हती. "आतला अग्नी पेटवतील," एवढंच सांगितलं. सोबत सुंठ, दालचिनी, मिरी वाढवा, दही-काकडी बंद करा.

गोळ्या सुरू केल्यावर एका संध्याकाळी ओठांना आणि जिभेच्या टोकाला मुंग्या आल्या. मळमळलं. मग छातीत असं काही धडधडायला लागलं की मध्येच एखादा ठोका चुकतोय, हे आतून कळत होतं. माझी धाकटी जाऊ रुग्णालयात परिचारिका आहे. ती नेमकी तेव्हा घरी आलेली होती. तिने मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "अक्का, हे काय घेताय? ती पुडी आणा इकडं." पुडी तिने स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि मला रिक्षात बसवलं. रात्रभर यंत्राला जोडून ठेवलं, सकाळपर्यंत ठोके ताळ्यावर आले.

सकाळी ज्या फिजिशियननी मला पाहिलं, त्यांनी गोळ्यांबद्दल विचारायच्या आधी माझा आवाज ऐकला. "असा आवाज कधीपासून आहे, मॅडम?" मग खुर्चीवर गुडघे टेकवून, पाठमोरं उभं राहायला सांगितलं, पावलं मोकळी लोंबती ठेवली आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडीने टकटक केलं. पाऊल झटकन मागे गेलं, पण परत जागेवर येताना रेंगाळलं. त्यांनी माझ्या जावेला बोलावून पुन्हा दाखवलं: "बघा, जातंय पटकन, येतंय सावकाश." पायावरची सूज अंगठ्याने दाबून पाहिली, खड्डा पडला नाही. रक्त काढायला पाठवलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, साधारण चारच्या आत असावं लागतं. माझं कितीतरी पट वर होतं. थायरॉइड ग्रंथी जवळजवळ बंद पडली होती.

फुगलेली दातखुणांची जीभ, मंद नाडी, गार हातपाय, सुजलेला चेहरा, सारखी झोप, फिका रंग: शिबिरातल्या त्या गृहस्थांनी पाहिलेलं यातलं एकही लक्षण खोटं नव्हतं. थायरॉइड कमी झालेल्या माणसाचं वर्णन कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात उघडून पाहा, जवळजवळ हेच सापडेल. हजारो वर्षं रक्ततपासणीशिवाय काम करणाऱ्या वैद्यांनी डोळे, बोटं आणि प्रश्न यांच्या बळावर हे चित्र टिपून ठेवलं, याबद्दल मला मनापासून आदर आहे. माझा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. यांग कमी होणं हे एका चित्राचं नाव आहे. ते चित्र थायरॉइड कमी झाल्यावर उमटतं, रक्त कमी झाल्यावर उमटतं, मूत्रपिंड थकल्यावर, हृदय अशक्त झाल्यावर, अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी मंदावल्यावरही थोड्याफार फरकाने तसंच उमटतं. कारण शोधल्याशिवाय त्या चित्रावर गरम औषध टाकणं धोक्याचं आहे.

आणि हे काही चिनी वैद्यकाच्या विरोधकांनी काढलेलं खुसपट नाही. शांघायमध्ये शेन झियिन नावाच्या डॉक्टरांनी पन्नास-साठच्या दशकांत नेमका हाच प्रश्न हाती घेतला. मूत्रपिंडाचा यांग कमी, असं निदान झालेल्या रुग्णांची चोवीस तासांची लघवी गोळा करून त्यांनी तिच्यात अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकांचे अंश मोजले, आणि ते कमी भरले. परंपरेवर श्रद्धा असलेल्या माणसाने परंपरेचं निदान प्रयोगशाळेत नेऊन पडताळलं. त्यांच्या देशात आज पारंपरिक वैद्यकाच्या रुग्णालयांतही रक्त तपासतात, ईसीजी काढतात. मग आपल्याकडे एखादा माणूस आरसा आणि तीन बोटांवर का थांबतो?

गरम औषधांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण जीव जायची भीती तिथे आहे. यांग वाढवणाऱ्या चिनी औषधांतलं एक मुख्य द्रव्य म्हणजे फूझी. हे बचनागाच्या कुळातलं मूळ. आपल्या आयुर्वेदातही वत्सनाभ आहे, आणि तो गोमूत्रात शुद्ध केल्याशिवाय वापरायचा नाही असा दंडक आहे. चीनमध्येही फूझी खारवून, उकळून, बराच वेळ शिजवूनच देतात. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला बचनाग म्हणजे सरळ विष: आधी ओठ-जिभेला मुंग्या, बधिरपणा, मग ओकारी, आणि मग हृदयाचे ठोके अनियमित. दोन्ही परंपरांना हे शेकडो वर्षं माहीत आहे. ज्याला माहीत नाही तो बिननावाची पुडी विकणारा. दुसरं उदाहरण युरोपातलं. ब्रुसेल्समधल्या एका वजन उतरवण्याच्या दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या गोळ्यांत एका मुळाऐवजी चुकून दुसरंच मूळ आलं. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं निकामी होत गेली, आणि १९९३ मध्ये ते जगापुढे आलं. वनस्पती आहे म्हणजे अपाय नाही, हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याच्याकडून काही घेऊ नका.

आता सोलापूरच्या संदर्भातलं, आणि हे मी जास्त कळकळीने सांगते, कारण माझ्या ओळखीच्या घरांत हे रोज दिसतं.

पाय गार पडतात अशी तक्रार कोणी केली की आधी दोन्ही पाय हाताने चाचपून पाहा. दोन्ही सारखेच गार असतील तर थायरॉइड, रक्त, अशक्तपणा यांचा विचार. एकच पाय गार असेल, किंवा एक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गार असेल, बोटं निळसर-काळपट दिसत असतील, थोडं चाललं की पोटरी दुखून थांबावं लागत असेल, तर रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. आमच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या आणि विड्यांच्या वस्त्यांत, विडी ओढणाऱ्या पुरुषांमध्ये हा आजार डॉक्टरांच्या चांगला ओळखीचा आहे. ऐन तिशी-चाळिशीत बोटं कापायची पाळी येते. त्या पायाला सुई, शेक, तेल यांतलं काही उपयोगी नाही. विडी त्या दिवशी बंद व्हायला हवी आणि माणूस शल्यचिकित्सकाकडे गेला पाहिजे.

तिसरा प्रकार फसवा. माणूस म्हणतो पाय गार पडलेत, आणि हात लावून पाहिलं तर पाय गरम! हा मधुमेहाने किंवा बी-१२च्या कमतरतेने चेतातंतू बिघडल्याचा प्रकार असतो. अशा पायाला भाजलेलं कळत नाही. चिनी पद्धतीत मोक्सा नावाचा एक शेक असतो. दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची पानं वाळवून, कुटून, त्यांची जाड वात करतात, ती पेटवून बेंबीखाली चार बोटांवर, कंबरेच्या मणक्यांवर किंवा गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला त्वचेजवळ धरतात. संवेदना शाबूत असलेल्याला त्याने बरं वाटतं. मी पुढे, औषध सुरू असताना, तो शेक घेतलेला आहे आणि कंबरेला छान ऊब आली. पण मधुमेह्याच्या बधिर पायाजवळ ती वात नेऊ नये. गरम पाण्याची पिशवीसुद्धा नको. फोड येतो, तो चिघळतो, आणि मग काय होतं ते सिव्हिलच्या शल्य विभागात एक फेरी मारली तरी दिसेल.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे वेगळं लक्ष द्या. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, सिद्धेश्वर तलावाकडून गार वारा सुटतो तेव्हा सगळ्यांनाच थंडी वाजते आणि आजीची थंडी त्यात झाकली जाते. आजी दिवसदिवस झोपून राहते, बोलणं सावकाश, विसराळूपणा वाढलेला, अंग हाताला गार. सगळे म्हणतात वय झालं. थायरॉइड फारच खाली गेलेल्या वृद्धाचं शरीराचं तापमान घसरत जाऊन शुद्ध हरपू शकते, आणि कडाक्याच्या थंडीत किंवा एखाद्या साध्या संसर्गाने ते घडतं. आणखी एक फसवी खूण जाणत्या चिनी वैद्यांनीही लिहून ठेवलेली आहे: पाय बर्फासारखे आणि गाल मात्र लाल. लाल गाल पाहून तब्येत सुधारली असं समजू नये. त्यांच्या मते हा यांग निसटत चालल्याचा इशारा असतो, आणि आपल्या मते तातडीने दवाखाना गाठण्याचा.

मग करायचं काय? लक्षणं एका कागदावर लिहून काढा, महिन्याच्या अंदाजासह. मी ते आधी केलं असतं तर, असं म्हणण्यात अर्थ नाही. पण आता माझ्या वर्गातल्या मुलींच्या आयांना मी हेच सांगते. थंडी कधी वाजते, पांघरुणाने जाते का, पोट कसं आहे, पाळी कशी आहे, आवाज बदललाय का, अंगठी घट्ट होते का, कुठली औषधं-चूर्णं चालू आहेत. जीभ खिडकीच्या उजेडात पाहा. सकाळी, चहाच्या आधी, म्हणजे तिच्यावर दुसरा रंग चढलेला नसतो. हा कागद घेऊन डॉक्टरकडे जा आणि सुरुवातीलाच हिमोग्लोबिन, टीएसएच, साखर, बी-१२, क्रिएटिनिन आणि लघवीची साधी तपासणी करावी का, ते विचारा. सरकारी रुग्णालयात यांतलं बरंच काही नाममात्र पैशात होतं. जैन, लिंगायत, ब्राह्मण अशा पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी घरांत बी-१२ तर जरूर पाहावं. बाळंतपणानंतर काही महिन्यांत असा गारठा आणि थकवा आलेल्या सुनेला "आमच्या वेळी नव्हतं असलं" म्हणून गप्प करू नका. बाळंतिणीचं थायरॉइड बिघडू शकतं.

तपासण्या होऊन कारण हाती आल्यावर, मुख्य औषधाच्या जोडीने सुईउपचार घ्यायचा असेल तर अवश्य घ्या. मी घेतला, कंबरदुखीला आराम पडला. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी आहे. उपचारकाला नोंदणी क्रमांक विचारायला संकोच बाळगू नका. जाणता माणूस त्याने दुखावत नाही. सुया एकदाच वापरून टाकायच्या, सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलेल्या असाव्यात. आणि जो म्हणेल की डॉक्टरांची गोळी बंद करा, मगच माझा गुण येईल, तिथून उठून या.

थायरॉइडची गोळी सुरू झाली असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि चहासाठी किमान अर्धा तास थांबायचं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर. पहिले काही आठवडे फरक जाणवत नाही म्हणून सोडायची नाही. माझ्या बोटांची सूज आधी उतरली, आवाज कितीतरी उशिरा परतला. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर अगदी छोट्या मात्रेने सुरुवात करतात, ती आपल्या मनाने वाढवायची नाही. सुंठ, आलं, दालचिनी स्वयंपाकात जेवढी असते तेवढी खुशाल खा. पण भर उन्हाळ्यात, सोलापूरच्या उन्हात, ताक-काकडी बंद करून सुंठ-मिरीचे काढे ढोसायला कोणी सांगत असेल तर तसं करू नका. अंगातलं पाणी कमी होऊन दुसरंच दुखणं मागे लागेल.

कोणतीही पुडी वा गोळी घेतल्यानंतर ओठांना, जिभेला, चेहऱ्याला मुंग्या आल्या, बधिरपणा आला, ओकारी झाली किंवा ठोका चुकल्यासारखं वाटलं, तर लिंबूपाणी पिऊन वाट पाहू नका. ज्या रुग्णालयात ईसीजी निघतो आणि रात्रभर लक्ष ठेवता येतं तिथे लगेच जा, एकट्याने गाडी चालवत जाऊ नका, आणि उरलेल्या गोळ्या वेष्टनासकट सोबत न्या. घाबरून किंवा रागाच्या भरात त्या कचऱ्यात टाकल्या, तर काय खाल्लं होतं हे डॉक्टरांना कळायला दुसरा मार्ग राहत नाही.